भुऱ्याचा ‘ये’

१२ जानेवारी २०२५. रुपये १,१८०. शेजारच्या तिवारीजींची कुत्र्यानं फाडलेली पँट आणि इंजेक्शनं धरून. भार्गवीताई पैसे द्यायला गेल्या, तेव्हा तिवारीजी म्हणाले, “भाभीजी, अगली बार पैसे नहीं लूँगा. कुत्ता कॉलनी से बाहर जाएगा.”

हिंदी मुलखातल्या नानाखेड्यात ताईंच्या घरी कुत्री दोन. म्हातारी चिंगी आणि वर्षभराचा भुरा. शिकवणी नवराबायकोंनी वाटून घेतली होती, सकाळ सुहासरावांची, संध्याकाळ ताईंची. सुहासरावांचं सगळं हिंदीत.

“कुत्ते को मराठी कौन सिखाता है?” ते हसत.

“घरात राहतो ना? मग घरचंच शिकेल,” ताई म्हणत.

चिंगीला ऐकूच कमी येई, त्यामुळे तिचं कुणाशी बिनसत नसे. भुरा मात्र बिथरलेला. चप्पल तोंडात धरली की सुहासराव ओरडत, “ये नहीं! ये नहीं!” आणि तो शेपूट हलवत थेट त्यांच्याकडे येई. मग वर मार खाई.

“ढीठ आहे, ऐकतच नाही,” सुहासराव म्हणत. “देवासला मित्राच्या शेतावर सोडून येऊ.”

“आधी मला सोडा तिथे,” ताई म्हणत.

रविवारी फाटक उघडं राहिलं आणि भुरा समोरच्या फुटपाथवर गेला. तिथे कुणाची तरी पिशवी पडली होती, त्यानं तिच्यात तोंड घातलं. अलीकडून सुहासराव ओरडले, “भुरा! ये नहीं!”

भुऱ्यानं मान वर केली आणि रस्त्यावर झेप घेतली. वळणावरून ऑटो येत होती.

“थांब!” ताई किंचाळल्या. तो थांबला नाही. ‘थांब’ त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, तो धडा सकाळचा, हिंदीतला.

“रुक!” ताईंच्या तोंडून नवऱ्याचा शब्द निघाला. भुरा जागच्या जागी बसला. ऑटो करकचून थांबली, ड्रायव्हरशेजारची दुधाची थैली खाली पडून फुटली.

ताई सुहासरावांकडे वळल्या. “अहो, तुमच्या ‘ये नहीं’तलं त्याला फक्त ‘ये’ ऐकू येतं. माझा ‘ये’! मी बोलावते तसा तो येतो, आणि तुम्ही मारता.”

ताईंना आठवलं, पँट फाटली त्या दिवशी तिवारीजी फाटकाशी दूधवाल्याला सांगत होते, “ये नहीं भैया, बड़ी थैली.” भुरा अंगावर धावून गेला नव्हता. बोलावल्यासारखा गेला होता, आणि त्यांनी लाथ उगारली म्हणून चावला होता.

तिवारीजी ओट्यावरून सगळं बघत होते. ताईंनी धावत जाऊन त्यांना हे सांगितलं. ते ऐकून म्हणाले, “चलिए, मान लिया. आज रुक गया. और कल? पूरी कॉलनी हिंदी बोलती है, भाभीजी.”

त्या संध्याकाळपासून दोघांनी मिळून ‘ये’ऐवजी ‘इकडे’ शिकवायला घेतलं. सुहासरावांच्या तोंडी सवयीनं हिंदीच येई, भुरा दोघांकडे आळीपाळीनं बघे. फाटकाला मात्र कुलूप.

ऑटोवाल्याच्या दुधाचे पस्तीस रुपये द्यायचे राहिले आहेत.