रबराच्या मळ्यावरचे बर्वे

बर्वे आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा ताट हातात घेऊन उभ्याने जेवले. उभ्याने म्हणजे एका जागी उभं राहूनही नव्हे. वरणभात खिडकीपाशी, भाजी टीव्हीसमोर आणि ताक थेट बाल्कनीत. "अहो, बसा की," असं मी तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "बसलो की डोकं चालायला लागतं, वहिनी. त्यापेक्षा पाय चाललेले बरे." आमची इरा तेव्हा नऊ वर्षांची होती. ते गेल्यावर ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "ही इज लाइक अ फॅन, ला. कॅनॉट स्टॉप." मी तिला दटावलं, पण माझंही मत काही फार वेगळं नव्हतं.

बर्वे नितीनच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, तुआस या कारखान्यांच्या भागातल्या कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशनचं काम बघायचे. वय पंचेचाळीसच्या आसपास, लग्न केलेलं नाही, सडपातळ अंगकाठी आणि बूट कायम चिखलाने माखलेले. सिंगापूरसारख्या धुतल्या-पुसल्या शहरात माणसाच्या बुटांना इतका चिखल लागतोच कुठे, हे मला कोडंच होतं. ते एका रविवारी सुटलं. पुण्यातली बरी नोकरी सोडून हा माणूस सिंगापुरात आला होता तो रबराच्या एका जुन्या मळ्यावरचं घर खणायला!

गोष्ट अशी होती. बर्व्यांचे आजोबा लढाईच्या आधी बुकित तिमाहच्या पलीकडे एका गोऱ्या साहेबाच्या मळ्यावर कारकून होते. हेडक्लार्क होते पिल्लै. जपानी फौजा जवळ आल्या तेव्हा पिल्लै आजारी पडले होते, त्यांना हलवता येईना. आजोबांना मात्र बायको-मुलासकट बोटीवर जागा मिळाली. निघताना पिल्लैंच्या बायकोने आपले सगळे दागिने बर्व्यांच्या आजीच्या ओटीत घातले. जपानी आधी मोठ्या कारकुनाच्या घराची झडती घेतील, तुमच्याकडे कोण बघतंय, असा तिचा हिशेब. आजीने ते बरोबर न नेता तिथेच पुरले. बोट बुडाली तर दुसऱ्याची ठेव आपल्यामुळे बुडायला नको, एवढं ती नवऱ्याला म्हणाली. घराच्या मागे नेमके कुठे, ते सांगायला सवड झाली नाही. आजी बोटीवरच तापाने गेली.

लढाई संपल्यावर गुहागरजवळच्या त्यांच्या गावात पिल्लैबाईंचं पत्र आलं. पत्र इंग्रजीत. गावात इंग्रजी वाचणारे एक पोस्टमास्तर, त्यांनी ते ओसरीवर मोठ्याने वाचलं. आमचे दागिने परत करा, अशी विनवणी होती. 'घराच्या मागे कुठेतरी पुरले आहेत,' असं आजोबांनी कळवलं. त्यावर उत्तर आलं नाही, आणि गावाला जे समजायचं ते गाव समजलं. बर्व्यांचे वडील शाळेत गेले की पोरं विचारायची, "काय रे, पिल्लैचं सोनं कुठे ठेवलंय?" पुढे ते स्वतः हेडमास्तर झाले तरी लग्नकार्यात कोणी दागिन्यांचा विषय काढला की उठून बाहेर जायचे.

"बाबा ऐंशीच्या घरात आहेत, वहिनी. हृदय दमलंय," बर्वे म्हणाले. "मला सोनं नकोय. ते अजून मातीत आहे एवढंच त्यांना दाखवायचंय. म्हणजे आजोबांनी खाल्लं नाही हे ठरेल."

हे सांगतानाही ते आमच्या बैठकीच्या खोलीत येरझारा घालत होते. मला त्यांचा राग यायचा, आणि कीवही.

त्यांनी स्वतःच्या हाताने धातू शोधायचं यंत्र बनवलं होतं. साहेबाचा बंगला कधीच पडला होता, नुसते खांब उरले होते. मागे कारकुनांच्या चाळीचं जोतं होतं. दर रविवारी बर्वे ती जागा दोन-दोन मीटरच्या चौकोनांत तपासायचे आणि रात्री नितीनला नकाशा पाठवायचे. लाल चौकोन म्हणजे झालेला, पांढरा म्हणजे उरलेला. दोन वर्षांत नकाशा जवळजवळ लाल झाला होता. नितीन अधूनमधून सोबत जायचा. मी कपाळाला हात लावायचे. सरकारी जमिनीत परवानगीशिवाय खणणं म्हणजे नोकरीचा पास रद्द होऊन गाशा गुंडाळायची वेळ! परवानगीचा अर्ज बर्व्यांनी केला होता, पण कारणाच्या रकान्यात 'आजोबांची अब्रू' असं लिहून कोणतं ऑफिस परवानगी देईल?

मग तिथे पाटी लागली. चार महिन्यांत सगळं सपाट होऊन कॉन्डोच्या इमारती उभ्या राहणार होत्या. बर्व्यांची झोपच उडाली. मी रॅफल्स प्लेसला ऑफिसात असताना मला फोन करायचे, "वहिनी, बायका दागिने कुठे लपवतात हो?" मी म्हणायचे, "डाळीच्या डब्यात." ते खरोखर लिहून घ्यायचे.

अशात एका शनिवारी ते जेवायला आले. टेक्का मार्केटमध्ये अळू छान मिळाला होता, म्हणून मी फदफदं करायला घेतलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात येऊन ते बोलता बोलता थबकले.

"हाताला काय चोळताय?"

"चिंच. अळू चिरला की हात खाजतात. आधी तेल लावायला विसरले."

बर्व्यांनी दाराची चौकट धरली. मला वाटलं, यांना चक्कर येतेय की काय. मग म्हणाले, "बाबांना त्यांच्या आईची एकच आठवण आहे. बंदरावर नेणाऱ्या लॉरीत ती सारखी हात खाजवत होती आणि चिंचेचा गोळा चोळत होती. बाबांना वाटतं, तिथूनच ताप सुरू झाला."

मी विळी आडवी केली. "अहो, ताप आलेलं माणूस चिंच चोळतं का? ती अळवात हात घालून आली होती. न्हाणीचं सांडपाणी जातं तिथे अळू लावतात. तिथली माती कायम ओली असते, खणलेलं कोणाला कळणार नाही. न्हाणी कुठे होती त्या चाळीची?"

बर्व्यांचा चेहरा पडला. न्हाणी त्यांना चांगलीच ठाऊक होती. तिथे गंजलेले लोखंडी पाइप आणि पत्रे इतके होते की यंत्र सारखंच वाजायचं. म्हणून तेवढा कोपरा त्यांनी पहिल्याच महिन्यात नकाशातून वगळला होता. "नॉइज म्हणून काढून टाकला," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या कपाळावर दोनदा थापटी मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीही गेले. भीती वाटत होती, पण घरी बसवेना. न्हाणीच्या मोरीखाली अळू माजला होता. तो आजीचाच की रानचा, देव जाणे. बर्व्यांनी यंत्र बाजूला ठेवलं आणि खुरपं घेतलं. पाइप उपसले, पत्रे ओढले. गुडघाभर खोलीवर पितळेचा फिरकीचा डबा लागला. हिरवा पडलेला, तोंड मेणाने बंद केलेलं.

त्यांनी तिथूनच वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर उशीला टेकलेले म्हातारे गृहस्थ दिसले.

"बाबा, सापडला! उघडतो, थांबा. फोटो काढून गावात एकेकाला पाठवतो."

"कोणाला पाठवतोस?" बाबा शांतपणे म्हणाले. "बोलणारे सगळे गेले रे. एकही उरला नाही."

बर्व्यांनी खुरपं खाली ठेवलं आणि डब्याच्या झाकणाला हात घातला.

"उघडू नकोस. आपलं नाही ते. नुसतं वाजवून दाखव."

बर्व्यांनी डबा फोनजवळ धरून हलवला. आत खुळखुळलं. "पुन्हा," बाबा म्हणाले. त्यांनी पुन्हा वाजवला. पाच-सहा वेळा तरी बाबांनी वाजवायला लावला असेल. नितीन तोंड फिरवून पाइप गोळा करायला लागला. मी सरळ रडले.

तिथून आम्ही टॅक्सीने पोलीस चौकीत गेलो. ऑफिसर तरुण मुलगा होता. "यू डग फर्स्ट, देन यू कम अँड टेल मी, आह?" असं म्हणत त्याने आम्हाला तासभर फैलावर घेतलं, आणि शेवटी ताकीद देऊन सोडायचं कबूल केलं. यादी करायला त्याने डबा उघडला तेव्हा बर्वे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी मात्र पाहिलं. बाईमाणूस मी, मान वळलीच. दोन जड हार होते, कर्णफुलं होती, वाकी होती. आणि तळाशी लुगड्याच्या काठाच्या चिंधीत आणखी काहीतरी होतं.

"व्हॉट इज धिस?" ऑफिसरने विचारलं.

"फॉर द नोज," मी म्हणाले. मोती काळवंडले होते, पण ती नथ होती. खाली दोन पाटल्या. पिल्लैंच्या घरात नथ कुठून येणार?

बाबा त्यानंतर सात आठवड्यांनी गेले, झोपेत. बर्व्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. पिल्लैंचे वारस शोधायला सरकारी ऑफिसने नोटीस काढली होती. त्यातून काय निघालं, मला कळलं नाही. चांगी विमानतळावर त्यांना सोडायला गेलो तेव्हा मी मनातलं बोलून टाकलं.

"बर्वे, नथ आणि पाटल्या तुमच्या आजीच्या आहेत. मी शपथेवर सांगेन. अर्ज करा. आजीची तेवढीच तर खूण आहे."

"मला माहीत आहे, वहिनी. ऑफिसर यादी वाचत होता ते ऐकलं मी." त्यांनी बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला. "पण तिने आपलं आणि त्यांचं एकाच डब्यात ठेवलं. मी कशाला वेगळं करू?"