अर्जातून गाळलेलं नाव

तंजावूरच्या एका विद्यापीठात उद्योजकता केंद्राचं काम मी पाहते. प्रयोगशाळेत लागलेला शोध तिथेच पडून राहू नये, त्याची कंपनी उभी राहावी, यासाठी आमची धडपड. पेटंटचे अर्ज, करारांचे मसुदे, गुंतवणूकदारांच्या भेटी, सगळं माझ्या टेबलावरून जातं. त्यामुळे जे झालं ते दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

आमच्याकडचे एक तरुण प्राध्यापक केळीची पानं आठवडाभर ताजी ठेवणारा लेप तयार करत होते. लेप उत्तम होता, पण वाळला की त्याचे पापुद्रे सुटत. वर्ष गेलं तरी उपाय सापडेना. त्यांच्या प्रयोगशाळेत एक मदतनीस बाई होत्या, दहावी शिकलेल्या, रोज ओरत्तनाडूहून बसने येणाऱ्या. त्यांचं घराणं आमच्यासारखंच मूळ मराठी. चारचौघांत त्या मला मॅडम म्हणत, मी एकटी असले की आमच्या घरगुती, अर्ध्या तमिळ मराठीत बोलत. मी त्यांना अक्का म्हणे.

एकदा अक्कांनी काही पानं आधी भाताच्या पेजेत बुडवली, पुसली आणि मग लेप दिला. लेप घट्ट बसला. प्राध्यापकांनी पुढे सहा महिने त्यावर प्रयोग केले, प्रमाण ठरवलं, तापमान ठरवलं. पण पेज सुचली ती अक्कांना.

पेटंटचा अर्ज भरताना प्राध्यापकांनी विचारलं, "संशोधकांत अक्कांचं नाव घालायचं ना?"

मी म्हटलं, "नको. त्यांच्याशी हक्कांचा वेगळा करार करावा लागेल. गुंतवणूकदार दहा प्रश्न विचारतील. अहवालात आभार मानू."

ते घुटमळले. मी अर्ज पुढे सरकवला आणि त्यांनी सही केली. खरं सांगायचं तर करार करायला दोन दिवस पुरले असते. दहावी पास बाईचं नाव त्या यादीत बरं दिसणार नाही, असं मला वाटलं होतं. आणि अहवालात आभार मानायचेही राहून गेले.

कंपनी झाली. पहिल्या सादरीकरणाला चेन्नईहून पाहुणे आले. अक्का टेबलावर पानं मांडून दाराशी उभ्या होत्या. एका पाहुण्याने इंग्रजीत विचारलं, "राइस वॉटरची कल्पना कुणाची?" प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मीच उत्तर दिलं, "आमच्या टीमची. बऱ्याच प्रयोगांनंतर." टाळ्या पडल्या. मी दाराकडे पाहिलं नाही.

अक्का त्यानंतरही नेहमीसारख्या येत राहिल्या. मात्र मी एकटी असले तरी माझ्याशी तमिळमध्येच बोलू लागल्या. काही महिन्यांनी त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी मी मुद्दाम बाहेरगावचं काम काढलं.

पुढच्या महिन्यात मात्र न राहवून ओरत्तनाडूला गेले. अक्का अंगणात शेवग्याचा पाला निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, करार दोन दिवसांत झाला असता हेही.

"राइस वॉटर एवढं इंग्रजी मला कळतं," त्या म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्या मराठीत बोलत होत्या. "सरांचं काही वाटलं नाही. ते परके. तू घरच्या भाषेत बोलणारी, वाटलं तू तरी सांगशील."



परत आल्यावर मी वकिलांना विचारलं. नाव नंतरही जोडता येत होतं. कागद तयार केले. प्राध्यापकांनी लगेच सही केली. म्हणाले, "मी तेव्हाच हट्ट धरायला हवा होता." कंपनीने नव्या कामगारांना लेप द्यायला शिकवण्याचं कामही अक्कांना देऊ केलं. ते त्यांनी घेतलं नाही.

मी कागद घेऊन पुन्हा ओरत्तनाडूला गेले. इतकी वर्षं मी पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर अक्का न बघता सही करत. या वेळी त्यांनी पेन बाजूला ठेवलं.

"आधी वाच," त्या म्हणाल्या. "सगळं. एकही ओळ सोडू नकोस."

इंग्रजी ओळ वाचायची, मग तिचा अर्थ आपल्या मराठीत सांगायचा, असं मी पाचही पानं वाचली. त्यांनी मध्ये दोनदा थांबवून पुन्हा विचारलं. मग तमिळमध्ये, सावकाश, पूर्ण नावाची सही केली.