व्याह्यांचा हिवाळा

सिंगापूरमध्ये हिवाळा येतो तो फक्त आमच्या व्याह्यांना. बाकी साऱ्या बेटाला बारा महिने घाम येतो. पण एक नोव्हेंबरची सकाळ झाली की व्याही कपाटातून राखाडी स्वेटर काढतात, गळ्याभोवती मफलर घेतात, आपल्या खोलीचा एसी अठरावर लावतात आणि चहात आलं जास्त घाला म्हणून निरोप पाठवतात. मोबाईलवर हिमाचलमधल्या कुठल्याशा खोऱ्याचं तापमान बघून ते घरादाराला ऐकू जाईल असं सांगतात, "आज उणे दोन." आमची सात वर्षांची नात शाळेच्या कपड्यांत घामाघूम होऊन आलेली असते. ती वाक्याला इथलं 'लाह' जोडून म्हणते, "आजोबा, थर्टी-टू डिग्री लाह." व्याही तिच्याकडे जराशा दयेने बघतात आणि मफलर नीट करतात. हा हिवाळा फेब्रुवारी संपेपर्यंत चालतो.

व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. तुआसला जहाजांच्या कारखान्यात तीस वर्षं इंजिनियर होते, आता घरीच असतात. नात झाली तेव्हा तिला सांभाळायला मी कोकणातून आले आणि बिशान भागातल्या एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावर, एकाच फ्लॅटमध्ये, व्याही आणि विहीण असे राहू लागलो. तेही एकटे, मीही एकटी. आमच्या गावात मुलीकडची माणसं व्याह्यांसमोर नीट बसत सुद्धा नाहीत, मग बोलायचं कुठलं. नात बोलायला लागली तशी आमची सोय झाली. जेवताना मी तिला म्हणायचे, "आजोबांना विचार, भाकरी वाढू का." ते म्हणायचे, "आजीला सांग, अर्धी." मध्ये दोन वितीचं टेबल. नात एकदा वैतागून म्हणाली, "यू टॉक युअरसेल्फ लाह." आम्ही दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं.

त्यांच्या हिवाळ्याचं कारण त्या खोऱ्यातली एक नदी. तिच्यात ट्राउट नावाचे मासे असतात. व्याही दर मार्चला तिथे जातात, कमरेएवढ्या गार पाण्यात उभे राहतात आणि पिसांची केलेली खोटी माशी गळाला लावून मासे धरतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे मासे धरायला बंदी असते, कारण तेव्हा ते अंडी घालतात. सिंगापुरात तशी काही बंदी नाही. ठरवून दिलेल्या जलाशयांवर लोक डिसेंबरातही गळ टाकून बसलेले असतात. व्याही बसत नाहीत. शेजारी बाळंतीण असताना आपण ढोल वाजवू नयेत, तसं त्यांचं आहे. "तिकडे ते अंडी घालत असताना इकडे आपण गळ टाकायचा, हे बरं दिसत नाही," असं ते नातीला सांगतात, म्हणजे मला सांगतात.

आता सगळ्यात नवलाची गोष्ट. व्याह्यांनी जन्मात मासा खाल्लेला नाही. धरतात, हातात घेऊन बघतात आणि सोडून देतात. मी मासे खाणाऱ्या, मासे मारणाऱ्या घरातली. माझे वडील ऐंशी वर्षांचे होईपर्यंत समुद्रावर जात होते. त्यांना कुणी सांगितलं असतं की एक शिकलासवरलेला माणूस विमानाने जातो, माशाची विचारपूस करतो आणि रिकाम्या हाताने परत येतो, तर त्यांनी त्या माणसाला आधी बसवून पाणी दिलं असतं. मी बाजारातून बांगडे आणले की व्याही ओट्यापाशी येतात, हात मागे बांधून वाकतात आणि विचारतात, "हे कुठल्या पाण्यातले?" मग बांगड्यांच्या डोळ्यांकडे जरा वेळ बघून, कुणाला तरी भेटून आल्यासारखे, वरणभात जेवायला जातात.

हिवाळ्याची पहिली कामं म्हणजे धुणीवाळवणी. पाण्यात उभं राहायचा त्यांचा एक रबरी पायजमा आहे. छातीपर्यंत येतो आणि खाली त्याला बूट जोडलेलेच असतात. पहिल्या वर्षी तो त्यांनी धुऊन खिडकीबाहेरच्या कपड्यांच्या काठीवर वाळत घातला. संध्याकाळी समोरच्या ब्लॉकमधली चिनी आंटी धावत लिफ्टने वर आली, छातीवर हात ठेवून. तिला तिकडून दोन पाय आणि दोन बूट एवढंच दिसलं होतं. व्याह्यांनी दार उघडलं तेव्हा ती त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघत राहिली आणि म्हणाली, "अंकल, यू ओके, आह?" व्याही म्हणाले, "ऑफ सीझन." आंटीला काय कळलं कोण जाणे, पण त्या दिवसापासून ती दर नोव्हेंबरला त्यांना संत्री आणून देते.

मग सराव. हात विसरू नये म्हणून व्याही रोज सकाळी ब्लॉकखालच्या हिरवळीवर काठी घेऊन उभे राहतात. दोरीच्या टोकाला गळाऐवजी लाल लोकरीचा गोंडा. काठी घड्याळाच्या काट्यासारखी मागे एकपर्यंत न्यायची आणि पुढे दहापर्यंत आणायची, असा नियम आहे. तो ते मोठ्याने म्हणतात, "एक, दहा, एक, दहा." बाजूला व्यायाम करणाऱ्या म्हाताऱ्यांना हा खांद्यांचा नवा प्रकार वाटला. आधी एक जण मागे उभा राहिला, मग तिघं, आणि एका पंधरवड्यात सात-आठ म्हातारेम्हाताऱ्या रिकामे हात हवेत मागेपुढे नेत त्यांच्या पाठीशी उभे राहू लागले. व्याह्यांनी त्यांना थांबवलं नाही. उलट एका काकांचा हात दीडपर्यंत जातो म्हणून ते अस्वस्थ असायचे.

संध्याकाळी पार्कातल्या ओढ्यावर जायचं, नुसतं पाणी बघायला. तिथे पाणमांजरांचं एक मोठं कुटुंब आहे. ती मासा धरतात, डोक्याकडून कराकरा खातात आणि लगेच दुसरा धरतात. सारी माणसं कौतुकाने फोटो काढतात. व्याही मात्र लांबून, नियम मोडणाऱ्याकडे बघावं तसे त्यांच्याकडे बघत राहतात. पण घरी येताना पावलं रेंगाळतात. एकदा नातीला म्हणाले, "त्यांना कुणी सांगितलेलंच नाही, ना. मग त्यांचं काय चुकलं."

खरा हिवाळा मात्र जेवणाच्या टेबलावर. टेबलाच्या कडेला ते एक छोटी पक्कड बसवतात, तिच्या तोंडात तांदळाच्या दाण्याएवढा गळ धरतात आणि त्यावर दोरा, पिसं आणि केस गुंडाळून माशी बांधतात. हंगामाला तिसेक लागतात. त्यासाठी घरातलं काही सुरक्षित नसतं. माझ्या जुन्या साडीची जर गेली, झाडणीचे दोन केस गेले, नातीच्या खेळण्यातल्या सशाच्या पोटाला एका हिवाळ्यात टक्कल पडलं. बाजारातल्या कोंबडीवाल्याला ते मानेवरची पिसं मागतात, आणि त्याने मांस घ्या म्हटलं की नको म्हणतात. आणि बांधता बांधता एक वाक्य त्यांच्या तोंडी ठरलेलं. "ज्याला आपली माशी आपल्या हाताने बांधता येत नाही, त्याने नदीत पाय घालू नये." हे आमच्या जावईबापूंनी लहानपणापासून ऐकलेलं. बारा वर्षांचे असताना त्यांची माशी पाण्यात घालताच सुटली, म्हणून व्याही त्यांना घरी ठेवून एकटेच नदीवर गेले. पुढेही जावईबापू कधी गेले नाहीत. ना यांनी पुन्हा विचारलं, ना त्यांनी.

माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली. त्यांच्या पिसांच्या डब्याला कसर लागू नये म्हणून मी चांगल्या मनाने त्यात डांबराच्या गोळ्या टाकल्या. व्याह्यांनी डबा उघडला, जरा थांबले आणि म्हणाले, "आजीला सांग, छान वास येतोय." मग आठ दिवस दुपारी मी झोपले की ते एकेक पीस खिडकीशी धरून वाऱ्यावर हलवत बसायचे. मोराची दोन पिसं उडून सातव्या मजल्यावर गेली. मला हे लेकीने सांगितलं, तेही महिन्याने. "आई, बाबा म्हणाले होते, विहीणबाईंना कळू देऊ नको. त्यांना वाईट वाटेल." मला वाईट वाटलंच, पण त्यानंतर मी त्यांच्या टेबलापाशी जरा जवळ बसून तांदूळ निवडू लागले.

म्हणूनच ते मला आधी दिसलं. गेल्या डिसेंबरात त्यांचा उजवा हात थरथरू लागला. दोरा दोन वेढे जायचा आणि तुटायचा. ते नवा ओवायचे, तो सुईच्या नेढ्यातून निसटायचा. चहाचा कप अर्धाच भरा असा निरोप येऊ लागला. जावईबापूंनी विचारलं तर म्हणाले, "थंडीने आखडतात हात." जावईबापूंनी जाऊन एसी बंद केला. हात थरथरतच राहिला. लेकीने त्यांना नोव्हेनाच्या इस्पितळात डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं, जिवाला धोका नाही, गोळीने थोडं कमी होईल, पूर्ण जाणार नाही. व्याही घरी आले, मफलर काढून त्याची घडी घातली आणि माशांचा डबा कपाटात वर ठेवला. त्यात चारच माशा होत्या. नियम त्यांनीच केलेला होता आणि तो सगळ्यांना पाठ होता.

चार दिवसांनी दुपारी ते झोपले असताना बघितलं, तर पकडीत एक अर्धी माशी तशीच होती, दोरा लोंबत. आम्ही पोरी लहानपणी वडिलांची फाटलेली जाळी सांधायचो. ओल्या, खारट दोऱ्याला गाठ मारायची बोटांना सवय होती. मी ती माशी पुरी केली आणि तांदळाकडे परत गेले. व्याही उठले. टेबलापाशी येऊन उभे राहिले. मग चष्मा काढून पुसला, ती माशी पकडीतून सोडवली, नवा गळ तिथे लावला आणि खुर्चीवर बसून दिव्याला म्हणाले, "आता दोन वेढे कमी. मग पीस. उलट्या बाजूने." मी दोन वेढे कमी घातले. रोज दुपारी असं चाललं. ते दिव्याला सांगायचे, मी बांधायचे. चुकलं की दिव्यालाच म्हणायचे, "हे काही खरं नाही," आणि मी सोडून पुन्हा करायचे. फेब्रुवारी सरता सरता डबा भरला.

जावईबापूंनी एका संध्याकाळी तो उघडून बघितला. त्यांचा चेहरा उजळला. "बाबा, हात बरा झाला की. तिकीट काढतो उद्या."

"नको," व्याही म्हणाले. "मी जाणार नाही."

"का?"

"या मी बांधलेल्या नाहीत. विहीणबाईंनी बांधल्यात. नियम तुला ठाऊक आहे."

जावईबापू पाण्याची बाटली रिकामी करत ओट्याशी उभे होते. रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "ठाऊक आहे. बारा वर्षांचा होतो तेव्हापासून."

व्याह्यांनी मान खाली घातली. माझ्या हातात पोळीचं पीठ होतं. मी पिठाकडे बघूनच बोलले, पण नातीला मध्ये घातलं नाही.

"आमच्याकडे जाळं एक विणतो, होडी दुसरा वल्हवतो, ओढायला दहा जण असतात. मासा कुणाच्या हाताने आला ते कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर आमच्याकडे कुणीच समुद्रात गेलं नसतं."

"आजी टॉक्ड," नात म्हणाली.

व्याही माझ्याकडे बघत होते. मग मुलाकडे वळले. "तुला वाहत्या पाण्यात उभं राहता येतं का?"

"नाही," जावईबापू म्हणाले. "शिकवा."

"गुडघ्याच्या वर जायचं नाही."

"नाही जात. दोन तिकिटं काढतो."

मार्चमध्ये दोघं दहा दिवस जाऊन आले. नाकं भाजलेली, जावईबापूंचा अंगठा फाटलेला. फोनवर एक फोटो होता. त्यात व्याही पाण्यात उभे, काठी बरोबर एकवर, आणि मागून जावईबापूंनी त्यांचा पट्टा दोन्ही हातांनी धरलेला, वासरू धरावं तसा. डब्यातल्या रिकाम्या जागा व्याह्यांनी मला एकेक करून दाखवल्या. "ही झाडात. या दोन दगडांखाली. ही एक मोठा मासा घेऊन गेला. आणि ही याच्या स्वतःच्या टोपीत." मग डबा मिटला आणि म्हणाले, "विहीणबाई, पुढच्या वर्षी..." आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं.

माझा इथे राहायचा पास ऑगस्टपर्यंत आहे. नात आता शाळेतून एकटी येते, गावाकडे थोरला मुलगा वाट बघतो, आणि लेकीशी बोलून परत जायचं ठरलं आहे. व्याह्यांना ते ठाऊक आहे. हल्ली हंगाम असल्याने ते दुपारी जलाशयावर जातात. तेवढ्या वेळात मी पक्कड टेबलाला लावते, आणि झालेल्या माशा माझ्या शिवणाच्या डब्यात ठेवते. जायच्या दिवशी त्यांच्या कपाटात वर ठेवीन. दिवसाला दोन होतात. ऑगस्टपर्यंत नऊ हंगामांना पुरतील एवढ्या होतील, असा मी हिशेब केला होता. व्याही आता एकाहत्तर वर्षांचे आहेत. काल रात्रीची भांडी आवरताना नऊ आणि एकाहत्तर मनात मिळवून बघितले, आणि आजपासून मी तीन बांधायला घेतल्या आहेत.