ओलं पाचट

शिरूर तालुक्यातली ती पेटलेली पाचटाची गंजी अजून माझा पिच्छा सोडत नाही. गावाचं नाव सांगत नाही. तिथे नुकताच एक कारखाना उभा राहिला होता. उसाचा वाळलेला पाला, म्हणजे पाचट, दाबून जळणाच्या कांड्या करायच्या आणि कुरकुंभच्या कंपन्यांच्या बॉयलरना पाठवायच्या. पूर्वी शेतात जाळून टाकायचं ते पाचट आता विकलं जात होतं. गावातल्या बायकांना घराजवळ काम मिळालं होतं.

एका सकाळी तिथली एक गंजी जळाली. मी तिथला फौजदार; पंचनामा उरकतोय तोच ठाण्यात फोन आला, "वस्तीवरच्या शेळीवाल्याला धरा. त्यानंच पेटवली."

माणूस साठीचा. ऊस तुटल्यावर रानात उरलेल्या वाढ्यांवर, उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पाल्यावर, त्याच्या शेळ्या जगायच्या. आता तेही पाचटाबरोबर गोळा होऊ लागलं, म्हणून तो चारचौघांत कारखान्याशी भांडला होता. हेतू सापडला, मला तेवढं पुरलं. चौकशीला बसवलं, आवाज चढवला.

"भांडलो व्हतो साहेब, व्हय. पण माझी सून तिथं कामाला हाय. तिच्या अंगावर इस्तू टाकीन व्हय मी?"

"सगळे असंच म्हणतात," मी म्हणालो, आणि त्याला लॉकअपमध्ये बसवून जबाब घ्यायला पुन्हा कारखान्यावर गेलो.

वजनकाट्यावर दौंडकडून आलेली पाचटाची ट्रॉली उभी होती. रणरणतं ऊन, आणि ट्रॉलीखाली चिखल.

"आप्पा, हे पाणी कुठलं?" मी ट्रॉलीच्या म्हाताऱ्या मालकाला विचारलं.

आप्पा पायाने चिखलावर कोरडी माती लोटू लागले. मागचा ट्रॅक्टरवाला हसला. "काट्याला तहान लागती, साहेब! वजन वाढाया समदेच पाजत्यात."

मला हसू आलं नाही. ओली वैरण रचली की आतून तापते, आपोआप पेटतेसुद्धा, हे मी घरच्या शेतात पाहिलेलं. आणि दुसरी गंजी बायका काम करत होत्या त्या शेडला खेटूनच होती. मी तिच्यात लोखंडी सळई खुपसायला लावली. बाहेर ओढताच हवालदाराने चटका बसून ती टाकून दिली. भोकातून धूर आला.

"शेड रिकामी करा! पळा!"

शेवटची बाई बाहेर पडते न पडते तोच गंजीच्या पोटातून जाळ उठला आणि पत्रे तडकू लागले.

खोकत एक तरुण बाई माझ्यापुढे उभी राहिली. "साहेब, आमच्या मामांना सोडलं का?"

मी ठाणे अंमलदाराला फोन लावून त्याला लॉकअपमधून बाहेर काढायला सांगितलं. तिच्याकडे बघवलं नाही.

गावाला असे कारखाने हवेतच, आजही मी हेच म्हणेन. पण नुसत्या वजनावर भाव ठरला की पाणी शिंपडलं जाणार, आणि जनावरांच्या तोंडचं गेलं की कुणीतरी भांडणार. भांडणाऱ्याला मी गुन्हेगार समजलो.

त्याला घरी सोडायला मी स्वतः गेलो. शेळ्या सकाळपासून दावणीलाच ओरडत होत्या. त्याने त्या सोडल्या आणि ऊस तुटलेल्या, झाडून नेल्यासारख्या रानाकडे हाकलल्या.