उजवीकडून आखलेले रकाने

नव्वदच्या दशकात खासगी कंपन्या आल्या आणि बाबांच्या ऑफिसात इंग्रजीतून पत्रं लिहायचा हुकूम सुटला. उर्दू शाळेतल्या शिक्षणावर जन्म काढलेले बाबा मलकपेठच्या घरात माझ्यापुढे वही घेऊन इंग्रजी शिकायला बसले. डिसिजन, डिसाइड, डिसायसिव्हली. नाम, क्रियापद, क्रियाविशेषण असे तीन रकाने करा, असं मी म्हटलं, तर त्यांनी ते उजवीकडून भरत आणले.

"अहो, सगळं उलटं केलंत!" मी खेकसले.

"इल्म म्हणजे ज्ञान; त्यातूनच आलिम, तालीम, मालूम," बाबा शांतपणे म्हणाले. "आमच्या उर्दूतही एका शब्दाचं असंच मोठं खटलं असतं, बेटा." आणि त्यांनी नवं पान आखायला घेतलं.

ती वही माझ्याकडे आहे. प्रत्येक इंग्रजी शब्दाशेजारी त्यांनी उर्दूत अर्थ लिहिलाय. मला तो वाचता येत नाही. शिकवा, असं मी त्यांना कधी म्हटलंच नाही.