खंडेनवमीला धुतलेलं इंजिन

चाकणच्या एका कंपनीची हिरवळ राखायचं कंत्राट माझ्याकडे आहे. गवत कापायचं मशीन, बसून चालवायचं, माझं. आणि चालवायचे माझे दाजी, धाकट्या बहिणीचे यजमान. देखभालही त्यांचीच. इंजिन गार असताना काडी काढून ऑइल बघायचं, पात्याखाली चिकटलेलं गवत खरवडायचं, इंजिनवर नुसता ब्रश आणि हवा मारायची. मशीन ठेवायच्या चिखलीच्या शेडवर मी गेलो की ऐकवायचे, "पाव्हणं, इंजिनला आंघोळ न्हाई घालायची बरं का."

मला ते ऐकवणं खुपायचं. मी विळा घेऊन लोकांच्या बागा साफ करायचो, तेव्हा बहिणीच्या लग्नात यांच्या भावकीनं मला 'गवत्या' म्हणून हाक मारली होती. दाजीही हसले होते. मी विसरलेलो नाही.

यंदा खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी दाजी मशीन साफ करून कुरुळीला घरी गेले. मला ते मळकटच वाटलं. सकाळी कंपनीत पूजा, साहेब लोक बघणार. शेजारीच गाड्या धुवायचं सेंटर आहे. तिथं ढकलत नेलं, घासाघीस करून दुचाकीच्या भावात धुवून घेतलं. वर धुणाऱ्या पोराला म्हणालो, "इंजिनवर पण मार प्रेशर, कंजुसी नको." मशीन नवरीसारखं दिसायला लागलं.

सकाळी टेम्पोत घालून कंपनीत नेलं, हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. दाजींनी बसून चावी फिरवली. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. पुन्हा तेच.

"लिंबू वाचलं राव!" बागेचं काम बघणारे साहेब म्हणाले. सगळे हसले.

माझं डोकं फिरलं. "दाजी, एक काम धड जमत नाही तुम्हाला! रोज बघता काय?"

दाजी उतरले. हवेच्या फिल्टरचं झाकण काढलं. आतला कागद भिजून पावासारखा फुगला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"इंजिनवर पाणी कुणी मारलं?" साहेबांनी विचारलं.

"म्याच, साहेब. चुकलं," दाजी म्हणाले.

"हा माणूस उद्यापासून आत नको."

कोथिंबिरीच्या जुडीसाठी मी बाजार डोक्यावर घेतो. तिथं 'मीच धुवून घेतलं' एवढंही म्हणालो नाही. उलट क्षणभर वाटलं, हसला होतात ना, आता भोगा. ते वाटणं अजून विसरता येत नाही.

नवा फिल्टर बसला, नवा चालक आला. दाजी घरी बसले.

भाऊबीजेला कुरुळीला गेलो. बहिणीनं ओवाळलं आणि हळूच म्हणाली, "दादा, ह्यांना परत घे ना. चुकतं माणसाचं कधी. साहेब तुझं ऐकतात."

दाजी समोरच बसले होते. "अगं, सणाचं काय काढलंस? पाव्हण्यांना फराळ दे आधी."

म्हणजे त्यांनी तिलाही सांगितलं नव्हतं.

"बघतो," मी म्हणालो, आणि तबकात नेहमीपेक्षा मोठी नोट ठेवली. ती खूश झाली. दाजींनी मान वर केली नाही.