मालतीताईंना मी ओळखत नव्हते

रश्मीचा फोन आला तेव्हा मी इथे जपानमध्ये, ग्योतोकुच्या घरात गॅलरीत कपडे वाळत घालत होते. "मावशी, आई गेली गं. मंगळवारी, वेंगुर्ल्याला. झोपेतच." मी काय बोलले ते आता आठवत नाही. मग तीच म्हणाली, "तुझ्याबद्दल फार प्रेमाने बोलायची. तो झायडेकोचा कार्यक्रम झाला ना... आपल्या लोकांतून एकटी वसुधा आली होती ऐकायला, असं सगळ्यांना सांगायची." आले होते, हे खरं. पण त्या सकाळी मी काय केलं, ते मालतीताईंनी मुलीलासुद्धा सांगितलं नव्हतं. महिना झाला त्या फोनला. आता ते मीच सांगायला हवं.

दोन हजार सालानंतर सॉफ्टवेअरवाल्या नवऱ्यांच्या मागून आम्ही कितीतरी जणी इकडे आलो, त्यातली मी एक. मालतीताई आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. त्यांचे यजमान बँकेतून बदलीवर आलेले. माझ्यापेक्षा त्या पंधरा वर्षांनी मोठ्या. वडील दशावतारात पेटी वाजवायचे; त्यांनी लेकीलाही शिकवली, पण चार लोकांपुढे कधी बसू दिलं नाही. आम्ही दोघी जपानी शिकायला सायकलवरून नागरी केंद्रात जायचो. एकदा शेजारच्या खोलीतून सूर आले आणि मालतीताई वही तशीच उघडी टाकून उठल्या. "अगं, ही तर गळ्यात घालायची पेटी!" निवृत्त पोस्टमन ओगावा-सान अकॉर्डियन वाजवत होते. झायडेको म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या काळ्या शेतकऱ्यांचं नाचाचं संगीत. ओगावा-साननी हौसेने त्याचा एक गट जमवला होता. अकॉर्डियन एकच होतं, म्हणून ताईंच्या वाट्याला आला पन्हळी पत्रा. तो चिलखतासारखा खांद्यांवरून छातीवर अडकवायचा आणि दोन चमच्यांनी खरडायचा. "नारळ खवल्यासारखं वाटतं गं," त्या हसत म्हणाल्या. तेव्हापासून एक सराव त्यांनी चुकवला नाही.

वर्षभराने कोतो भागातल्या जुन्या बाजाररस्त्यावर, रविवारी सकाळी, त्यांचा कार्यक्रम ठरला. तिकीट नव्हतं. दुतर्फा त्या भागातल्या खाण्याचे ठेले होते. मला नुकतीच नोकरी लागली होती. ऑफिसात मी हळू बोलायचे, डब्यात वास येईल असं काही न्यायचे नाही, एकूण कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशी राहायचे. गर्दीत पोचले तर समोर आमचे मॅनेजर, बायको आणि छोट्या मुलीला घेऊन. आणि मंचावर मालतीताई! जांभळी इरकली, पदर खोचलेला, छातीवर पत्रा, अंबाडा सुटलेला, घामाने कुंकू नाकापर्यंत उतरलेलं. त्या नुसत्या वाजवत नव्हत्या, नाचत होत्या. लोक टाळ्यांनी ताल धरत होते आणि माझी मान खाली गेली होती. वाजवणं संपून गर्दी ठेल्यांकडे वळली, तेव्हा मॅनेजरनी कौतुकाने विचारलं, "तुमच्या ओळखीच्या का त्या?"

"नाही," मी म्हणाले. "मी नाही ओळखत. हल्ली इथे पुष्कळ भारतीय आलेत."

मागे वळले तर मालतीताई दोन पावलांवर. मंचावरून उतरून ठेल्यावर जाऊन आल्या होत्या. एका हातात शिंपल्यांच्या भाताचा वाडगा, "आपल्या तिसऱ्याच गं या," असं ज्याचं त्या महिनाभर वर्णन करत होत्या तोच. दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेलं भाजकं रताळं. मी मासे खात नाही, म्हणून ते माझ्यासाठी. 'मी ओळखत नाही' हे जपानी आम्ही दोघी एकाच बाकावर शिकलो होतो...  त्यांनी रताळं मॅनेजरच्या मुलीच्या हातात दिलं, माझ्याकडे वळून कमरेत वाकल्या आणि म्हणाल्या, "हाजिमेमाश्ते." अनोळखी माणसाला पहिल्यांदा भेटल्यावर म्हणतात ते.

दुसऱ्या दिवशी मी सबबी जुळवून त्यांच्या दारात गेले. "ये गं, चहा टाकते. काल ऊन फार होतं, नाही?" एवढंच बोलल्या. माझ्या सबबी मनातच राहिल्या. सहा महिन्यांनी त्या भारतात परतल्या. नंतर इतकी वर्षं दर दिवाळीला फोन व्हायचा. दर वेळी ठरवायचे, आज माफी मागायची. आणि दर वेळी चकलीच्या भाजणीवरच बोलणं संपायचं.

गेल्या रविवारी मी ओगावा-सानना बातमी सांगायला नागरी केंद्रात गेले. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत.  मग मी त्यांना सगळं सांगितलं, माझ्या तोंडचं ते वाक्यसुद्धा, जसंच्या तसं. ते म्हणाले, "मला माहीत आहे. मी मागेच उभा होतो. मला राग आला होता. पण मारुती-सान म्हणाल्या, तिची नोकरी नवी आहे, तिला त्रास नको." मालती हे नाव त्यांच्या जिभेवर कधी बसलंच नाही.

निघताना त्यांनी भिंतीवरच्या खुंट्या दाखवल्या. वादकांनी आपापल्या पिशव्या अडकवायच्या, खाली नावाची चिठ्ठी. चौथ्या खुंटीखाली मालतीताईंच्या हातची जपानी अक्षरं होती, आमच्या वर्गात शिकवलेली, जराशी वाकडी. खुंटी रिकामी होती. "इथे कुणी काही अडकवत नाही," ओगावा-सान म्हणाले.

माझ्या खांद्याला पिशवी होती. मी ती उतरवली, पण त्या खुंटीला न अडकवता हातात धरूनच बाहेर पडले.